हिरडा, हिराकस आणि सागाचे पान : मुळशीतल्या एका पर्णछाप कार्यशाळेचा आठ महिन्यांनंतरचा अभिप्राय

दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी पानाफुलांचे ठसे उमटवलेली एक सुती ओढणी २,८०० रुपयांना घेतली होती. फिकट पिवळ्या जमिनीवर जांभळट फुले आणि हिरवट पाने असलेली ती ओढणी इतकी देखणी होती की मी घासाघीससुद्धा केली नाही. पहिल्या धुण्यात बादलीतले पाणी जांभळे झाले, दुसऱ्या धुण्यात फुले दिसेनाशी झाली आणि चौथ्या धुण्यानंतर जे हातात उरले ते चहा सांडून सुकलेल्या मांजरपाटासारखे दिसत होते. विक्रेत्यांना विचारले तेव्हा, ‘नैसर्गिक रंग म्हटला की तो जाणारच,’ असे उत्तर मिळाले. ते मला तेव्हाही पटले नव्हते, कारण केळीचा चीक लागलेला परकर कितीही आपटला तरी डाग निघत नाही, हे आमच्या घरात लहान मुलांनाही ठाऊक होते, आणि केळीच्या चिकाइतके नैसर्गिक दुसरे काय असणार?

रंग जातो कशाने आणि राहतो कशाने, हे स्वतः करून पाहावे म्हणून गेल्या दसऱ्यानंतरच्या शनिवारी आणि रविवारी मी मुळशी तालुक्यातल्या एका छोट्या रंगशाळेच्या कार्यशाळेला गेले. अशा कार्यशाळांविषयी बहुतेक जण घरी परतल्याबरोबर लिहितात, कारण गुंडाळी उघडतानाचा आनंद तेव्हा ताजा असतो. मी मुद्दाम आठ महिने थांबले. कापड वापरून, धुऊन, उन्हात वाळवून झाल्याशिवाय रंगाविषयी मत देऊ नये, असे मला वाटते.

पर्णछापाची, म्हणजे ज्याला इको प्रिंटिंग म्हणतात त्याची, कृती सांगायला सोपी आहे. आधी तयार केलेले ओले कापड पसरायचे, त्यावर पाने-फुले मांडायची, कापड एखाद्या काठीवर किंवा नळीवर घट्ट गुंडाळायचे, सुतळीने आवळून बांधायचे आणि दीड-दोन तास वाफवायचे. वाफेने पानातले रंगद्रव्य सुटते आणि जिथे पान टेकलेले असते तिथेच कापडात उतरते. अलीकडच्या काळात ही पद्धत जगभर पोचली ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातील इंडिया फ्लिंट या कलावतीच्या कामामुळे. निलगिरीची पाने लोकरीवर आणि रेशमावर कोणत्याही रंगबंधकाशिवाय, म्हणजे रंग धाग्याला धरून ठेवणाऱ्या तुरटीसारख्या पदार्थाशिवाय, पक्का तांबूस ठसा देतात, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र त्यामागचे रसायन आपल्या देशाला मुळीच नवे नाही. कच्छमधल्या धमडका आणि अजरखपूर इथले अजरखचे कारागीर किंवा श्रीकालहस्तीचे कलमकारी करणारे कारागीर कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, गूळ आणि गंजके लोखंड मुरवून काळा रंग करतात आणि तुरटीच्या आधाराने लाल रंग बसवतात. पर्णछापात लाकडी ठशाच्या किंवा कलमाच्या जागी पान येते, बाकीची वाट तीच आहे.

कार्यशाळेला आम्ही नऊ जण होतो. शिकवणाऱ्या बाईंना सगळेच ‘ताई’ म्हणत होते आणि त्यांच्या मदतीला गावातल्या दोन मावशी होत्या. पहिल्या दिवशी दुपारी चार वाजेपर्यंत ताईंनी कोणालाही एका पानाला हात लावू दिला नाही. त्यामुळे दोघीतिघी उघड नाराज झाल्या, कारण जाहिरातीत ओल्या पानांची आणि उलगडणाऱ्या रेशमाची छायाचित्रे होती आणि प्रत्यक्षात मात्र आम्ही पातेली ढवळत उभे होतो. माझ्या मते या कार्यशाळेचे खरे मोल त्याच सहा तासांत आहे. तेवढे सहा तास शिकून कोणी परत निघाले असते तरी पैसे वसूल झाले असते, असे मी जबाबदारीने लिहिते.

पहिले काम कापड स्वच्छ करण्याचे होते. कोऱ्या कापडावर मागाची खळ असते आणि सुताच्या अंगचे मेण असते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि पाणी शिरत नाही तिथे रंगही शिरत नाही. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळलेल्या मांजरपाटाचे पाणी कोऱ्या चहासारखे झाले. ताईंनी तेच कापड पुन्हा उकळायला लावले आणि दुसरे पाणीही पिवळट निघाले, तेव्हा आम्ही सगळे चकित झालो. कापड तयार झाले की नाही हे ओळखण्याची त्यांची रीतही साधी होती. वाळलेल्या कापडाच्या कोपऱ्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडायचा. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर कापड पुन्हा पातेल्यात जाते, आणि टेकताक्षणी पसरून नाहीसा झाला तर ते पुढच्या कामाला घ्यायचे. रेशमाला सोडा सोसत नाही म्हणून ते रिठ्याच्या कोमट पाण्यात वेगळे धुतले.

मग वजन. घरी नैसर्गिक रंग करणाऱ्यांची सर्वात जास्त फसगत होते ती इथे, कारण आपण सगळेच मूठ आणि चमचा या मापाने चालतो. ताई प्रत्येक गोष्ट कोरड्या कापडाच्या वजनावरून काढायला लावत होत्या. माझे सुती कापड २०० ग्रॅम भरले, म्हणून त्याला २० टक्क्यांच्या हिशेबाने ४० ग्रॅम हिरड्याची पूड आणि १५ टक्क्यांच्या हिशेबाने ३० ग्रॅम तुरटी लागली. ६० ग्रॅमच्या रेशमी स्टोलला हिरडा नाही आणि तुरटी फक्त ९ ग्रॅम. रेशीम आणि लोकर ही प्राण्यांपासून मिळणारी प्रथिने आहेत आणि ती तुरटीतले ॲल्युमिनियम सहज धरून ठेवतात. सुताला ते जमत नाही, म्हणून आधी हिरड्यातले टॅनिन सुतावर बसवावे लागते आणि मग त्या टॅनिनला ॲल्युमिनियम चिकटते. माझ्या त्या प्रदर्शनातल्या सुती ओढणीवर ही पायरीच झाली नसावी, हे मला तिथे पातेल्यापाशी उभे असताना कळले.

हिरडा जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतला होता. पूड करण्याआधी ताईंनी प्रत्येकाच्या तळहातावर एकेक तुकडा ठेवला आणि जिभेवर धरायला सांगितला. तोंड आवळून गेले. ‘हा तुरटपणा म्हणजेच टॅनिन,’ त्या म्हणाल्या. ‘पेरूची पाने, डाळिंबाची साल, कात, कच्चे केळे, आवळा, सगळ्यांची चव आठवा. जीभ तुरट करणारा पदार्थ कापडालाही सोडत नाही.’ लगेचच त्यांनी बजावले की ओळखीच्या खाद्य वनस्पतींव्यतिरिक्त रानातले कोणतेही पान जिभेला लावायचे नाही. त्यानंतरचे प्रात्यक्षिक तर मी कधीच विसरणार नाही. हिरड्याच्या पाण्यातून काढलेले फिकट साईच्या रंगाचे कापड दोरीवर वाळत होते. ताईंनी वाटीतल्या हिराकसाच्या, म्हणजे लोहाच्या क्षाराच्या, पाण्यात, जे दिसायला जवळजवळ साधे पाणीच होते, कुंचला बुडवून त्या कापडावर एक रेघ ओढली. कुंचला पुढे जात होता आणि त्याच्या मागे रेघ करडी आणि बघता बघता काळी होत होती. केळफूल विळीवर चिरताना बोटे काळी पडतात किंवा आवळा लोखंडी कढईत शिजवला की काळा होतो, त्या सगळ्याचे मूळ या एका रेघेत होते. टॅनिन आणि लोह एकत्र आले की गडद संयुग तयार होते आणि धाग्याला धरून बसते. केळीच्या डागाचे माझे जुने कोडेही टॅनिनच्या या चिवटपणात सुटले.

तुरटीच्या पाण्यात ताईंनी किंचित धुण्याचा सोडा घातला, तेव्हा ते फसफसून वर आले. सुती कापड त्यात रात्रभर भिजत ठेवले. मोरचुदाचा, म्हणजे तांब्याच्या क्षाराचा, वापर त्या अजिबात करत नाहीत. त्याने हिरवे रंग उजळतात हे खरे असले तरी ते पाणी ओढ्यात गेले तर त्यातले जीव मरतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ‘नैसर्गिक’ या शब्दाआड मोरचूद बिनदिक्कत वापरणारी ठिकाणे मी पाहिली आहेत, त्यामुळे या स्पष्टपणाची नोंद करणे मला आवश्यक वाटते.

संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाने गोळा करायला बाहेर पडलो. दसरा नुकताच झालेला असल्यामुळे आदल्या संध्याकाळी मावशींनी गावातल्या दारांवरची उतरवलेली झेंडूची तोरणे टोपलीभर आणली होती. एरवी उकिरड्यावर जाणारी ती फुले तुरटी लावलेल्या कापडावर खणखणीत पिवळा रंग देतात. आम्हा काहींजवळ सोने म्हणून वाटलेली आपट्याची पानेही होती. त्यांतली निम्मी आपट्याची नसून कांचनाची आहेत, हे ताईंनी एका नजरेत ओळखून दाखवले आणि बाजारात हेच सर्रास चालते असे सांगितले. आपट्याची झाडे दरवर्षी ओरबाडली जातात, याविषयी त्या बराच वेळ तळमळीने बोलल्या.

रानातला त्यांचा नियम एकच होता : जे जमिनीवर पडले आहे ते घ्यायचे, आणि झाडावरचे घ्यायचेच झाले तर ज्याच्या बांधावर झाड आहे त्याला विचारून, एका फांदीवरचे एक पान. सागाच्या शेंड्याकडची कोवळी पाने अशीच एका शेतकरी काकांच्या परवानगीने घेतली. पुढे वाट एका देवराईच्या कडेने जाते. तिथे पोचल्यावर ताईंनी सगळ्यांना पिशव्या बंद करायला सांगितल्या. आमच्यातल्या एका मुलीने, ‘खाली पडलेले घेतले तर काय होते?’ असे विचारले, तेव्हा सोबतच्या मावशींनीच उत्तर दिले, ‘देवराईतली काटकीसुद्धा चुलीत घालत नाही आम्ही, बाई. पान तरी कसे न्यायचे?’ ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीत तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून काही गोळा करता येत नाही, हेही सांगितले गेले. रानातून रंग आणण्याचा हा छंद आता शहरात लोकप्रिय होत आहे आणि सुट्टीच्या दिवशी पिशव्या भरभरून पाला आणणारे गट मी पाहिले आहेत, म्हणून ही शिकवण मला रंगाच्या शिकवणीइतकीच मोलाची वाटली. कण्हेरीचे पान दिसायला सुबक असते, पण कण्हेर विषारी असल्यामुळे ती कधीही पातेल्यात घालायची नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले.

रविवारी दहा वाजता मांडणी सुरू झाली. सागाचे पान वरून खरखरीत, जवळजवळ पॉलिश पेपरसारखे, आणि खालून मऊ असते. पानाची खालची बाजू, जिथे शिरा उठून दिसतात ती, कापडावर टेकवली तर ठसा जास्त स्पष्ट येतो. लहानपणी ज्यांनी सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले आहे त्यांना ती लाली आठवत असेल. इथे तीच लाली न चोळता, केवळ वाफेने काढायची होती. रेशमावर ठेवण्याची पाने हिराकसाच्या अगदी सौम्य, एका लिटरला दोन ग्रॅम अशा पाण्यातून काढली. लोह जास्त झाले तर रेशीम काही वर्षांत ठिसूळ होऊन फाटते, म्हणून इथे हात आखडता ठेवायला सांगितले होते. गुलाबाची, एरंडाची, निलगिरीची आणि देशी बदामाची लाल पडलेली पाने मी एकमेकांना न टेकतील अशी मांडली, मधल्या जागेत झेंडूच्या पाकळ्या भुरभुरल्या आणि वरून लाटणे फिरवले. सुती कापडाची रीत उलटी होती. ते पूर्ण हिरड्यात भिजलेले असल्यामुळे त्यावर पाने मांडून वर हिराकसाच्या पाण्यात बुडवून पिळलेले जुने धोतर अंथरले. धोतरातले लोह जिथे कापडाला भिडते तिथे जमीन करडी होते आणि पानाखाली झाकलेला भाग उजळ राहतो.

गुंडाळी बांधताना ताकद लागते. सुतळी ओढताना बोटांवर वळ उठले, तरी मावशी माझ्या गुंडाळीवर अंगठा दाबून ‘अजून सैल आहे’ म्हणत होत्या, आणि मग त्यांनी स्वतः पायाच्या अंगठ्यात सुतळीचे टोक धरून ती आवळून दिली. सैल गुंडाळीत पान हलते, वाफेचे पाणी आत फिरते आणि ठशाची कड विरघळल्यासारखी होते. मोठ्या पातेल्यात तळाशी पाणी, वर चाळण आणि चाळणीवर गुंडाळ्या, अशा रीतीने मोदक वाफवावेत तसे ९० मिनिटे वाफवले आणि नंतर त्या पूर्ण गार होईपर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही.

उघडतानाची एकच गोष्ट लिहिते. रेशमावरचे एरंडाचे पान मी चिमटीत धरून उचलले तेव्हा ते उकडलेल्या आळूसारखे लिबलिबीत झाले होते आणि त्याच्याखाली त्याची प्रत्येक शीर, दातेरी कडेचा प्रत्येक दात, आणि एका ठिकाणी किड्याने पाडलेले छिद्रसुद्धा काळपट हिरव्या रंगात जसेच्या तसे उमटले होते. पान लिबलिबीत होऊन गेले होते आणि त्याचा ठसा मात्र अधिक रेखीव होता. शेजारी निलगिरीची लांबट पाने तांबूस आली होती, तर आपट्याची जोडपाने फिकट पण ओळखू येतील अशी. हिरड्याच्या सुती कापडावर ढगाळ करड्या जमिनीवर सागाची मोठी उजळ आकृती आणि तिच्या कडेने विटकरी लाली, असे काही दिसत होते की आम्ही दहा-पंधरा मिनिटे त्याभोवती उभेच होतो.

ताईंनी कापड लगेच धुऊ नका, तीन दिवस सावलीत तसेच ठेवा आणि मग रिठ्याच्या पाण्यात धुवा, असे सांगितले होते. ते मी तंतोतंत पाळले. त्यासोबत मी घरी एक चाचणी लावली. कार्यशाळेत उरलेल्या सहा चिंध्या, प्रत्येकीवर वेगळे पान किंवा फूल, मी पुठ्ठ्याने अर्ध्या झाकून दक्षिणेकडच्या खिडकीच्या काचेला १५ दिवस लावून ठेवल्या. प्रयोगशाळांत उन्हातला टिकाऊपणा निळ्या लोकरीच्या आठ पट्ट्यांशी तुलना करून मोजतात. घरी तेवढे जमत नाही, पण झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवला की फरक डोळ्यांना पुरेसा कळतो. जास्वंदीचा सुंदर जांभळा ठसा उघड्या भागावरून जवळजवळ पुसला गेला. हळदीचा पिवळाही उडाला, आणि साबण लागला तेव्हा तो आधी लाल झाला होता. झेंडू उतरला, पण राहिला. निलगिरी, गुलाबाचे पान आणि हिरडा-हिराकसाचा करडा यांत मला फरक शोधावा लागला. सागाची लाली मात्र तपकिरीकडे झुकली. ज्यांना सागाचा लाल रंगच हवा म्हणून ही कला शिकायची आहे त्यांनी हे आधी जाणून घ्यावे.

आठ महिन्यांत रेशमी स्टोल ११ वेळा आणि सुती कापड, ज्याचा मी नंतर कुर्ता शिवला, २० हून जास्त वेळा हाताने धुतला आहे. स्टोलवरचे एरंड आणि गुलाब आजही पहिल्या दिवसाइतकेच ठळक आहेत. कुर्त्याची करडी जमीन किंचित मऊ झाली, एवढेच. एका पंगतीत कुर्त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब उडाला आणि तिथे क्षणात फिकट ठिपका पडला, कारण आम्ल लोहाचा तो काळा रंग सोडवते. हे कार्यशाळेत सांगायला हवे होते. चिंच, लिंबू, दही या गोष्टी आपल्या ताटात रोज असतात आणि असे कपडे घालून आपण जेवायलाही बसतो.

याशिवायही काही गोष्टी खटकल्या. गुंडाळीत एक थर दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येकाला प्लॅस्टिकचा नवा कोरा कागद दिला गेला आणि काम झाल्यावर तो कचऱ्यात गेला. मी विचारले तेव्हा जुने सुती कापडही चालते, फक्त ठसा थोडा कमी कडक येतो, असे ताई म्हणाल्या. मग इतक्या आस्थेने देवराईचे पान वाचवणाऱ्यांनी नऊ जणांमागे नऊ प्लॅस्टिक का फेकावेत, हे मला समजले नाही आणि ते बदलावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. सोबत दिलेली छापील पुस्तिका तर शिकवण्याच्या दर्जाला मुळीच शोभत नाही. तिच्यात जास्वंद, बीट आणि हळद ही निलगिरी-डाळिंबाच्या शेजारी एकाच यादीत दिली आहेत. कोणता रंग वर्षे टिकतो आणि कोणता पंधरवड्यात जातो याचा उल्लेखही नाही. ताई तोंडाने फरक सांगतात, पण घरी गेल्यावर माणूस पुस्तिकाच उघडतो, आणि ती वाचून कोणी जास्वंदीच्या ओढण्या विकायला काढल्या तर माझ्यासारखा एखादा ग्राहक पुन्हा फसेल. तुरटी आणि हिराकस हाताळायला हातमोजे फक्त दोन जोड होते, तेही पुरेसे नव्हते. पातेले एकच असल्यामुळे शेवटच्या तीन जणांच्या गुंडाळ्या संध्याकाळी सहाला उघडल्या आणि त्यांची पुण्याची शेवटची सोयीची गाडी चुकली.

पाण्याविषयी एक सूचना. रंगशाळेत ओढ्याचे मऊ पाणी वापरतात. मी घरी पहिल्यांदा बोअरचे पाणी वापरले तर झेंडूचा पिवळा मळकट शेवाळी झाला. बोअरच्या पाण्यात लोह आणि क्षार असतात, ते कोणी न सांगता आपले काम करून जातात. नंतर मी गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी वापरले आणि रंग पुन्हा स्वच्छ आला. ज्यांच्या सोसायटीत टँकर किंवा बोअर आहे त्यांनी आधी एका चिंधीवर पाहावे, मगच साडीला हात घालावा.

दोन दिवसांचे ४,५०० रुपये घेतले. त्यात एक रेशमी स्टोल, दोन मीटर सुती कापड, सर्व साहित्य, दोन वेळचे जेवण, चहा आणि मुक्कामाची साधी सोय धरलेली होती. टसर स्वतःचे आणले तर वेगळे पैसे नाहीत. आमच्यातल्या एकीने भंडाऱ्याचा टसर आणला होता, आणि त्याच्या अंगच्या मधासारख्या रंगावर निलगिरी इतकी खुलली की पुढच्या वेळी मीही तेच नेणार आहे. जेवण चुलीवरचे, नाचणीची भाकरी आणि भाजी, उत्तम होते. एका दुपारीत छायाचित्रासारखे काही करून घरी न्यायचे असेल त्यांना पहिला दिवस कंटाळवाणा वाटेल, आणि तशा एका दिवसाच्या कार्यशाळा शहरात मिळतात. ज्यांना शिवणकाम येते, जे कपडे विकण्याचा विचार करत आहेत किंवा ज्यांना आपण काय धुतो आणि काय नेसतो याची उत्सुकता आहे, त्यांनी इथे जरूर जावे. जाताना जुनी साडी किंवा चिंध्या, स्वतःचे रबरी हातमोजे आणि एक वही न्यावी. घरी परतल्यावर या कामाचे पातेले आणि चाळण कायमची वेगळी ठेवावीत. त्यात पुन्हा स्वयंपाक करू नये.

प्रदर्शनातली ती ओढणी मी टाकून दिली नव्हती. डिसेंबरात ती सोड्यात दोनदा उकळली, आणि थेंबाच्या परीक्षेत पहिल्या उकळीनंतरही पाणी वरच बसून राहिले, म्हणजे विकण्याआधी तिची खळसुद्धा काढलेली नव्हती. ११० ग्रॅमच्या त्या ओढणीला २२ ग्रॅम हिरडा आणि साडेसोळा ग्रॅम तुरटी दिली, शेजारच्या बंगल्यातल्या गुलाबाची पाने त्यांच्या माळीकाकांना विचारून घेतली, आणि मोठ्या मोदकपात्रात, जे आता फक्त याच कामाचे झाले आहे, ती दीड तास वाफवली. आतापर्यंत ती नऊ वेळा धुतली आहे. काल वाळत घातली तेव्हा बादलीतले पाणी स्वच्छ होते.